कोळ्याचा कागद

नवऱ्यानं उगारलेला कोयता द्वारकीनं हिसकावला आणि त्याच्याच मांडीत घातला. तो धाडकन भिंतीशी कोसळला. रक्ताची चिळकांडी सारवलेल्या जमिनीवर उडाली.

"बघतेस काय, भवाने! कोळ्याचा कागद आण, चिकटव जखमेवर!" तो किंचाळला.

कोळ्याची मादी अंडी राखायला भिंतीवर विणते तो पांढरा, रुपयाएवढा कागद. इतका चिवट, की नखानं ओढून फाटत नाही. जखमेवर दाबला की रक्त थांबतं. आजवर नवऱ्यानं मारलं की सासू भिंतीवरचा एकेक कागद खरवडून तिच्या कपाळावर, पाठीवर डकवायची. "सोस गं," म्हणायची.

द्वारकीनं चारही भिंतींवरून सावकाश नजर फिरवली.

"एकही उरला नाही," ती म्हणाली. "सगळे माझ्यावरच संपले."