रिकामी पुंगळी

जंगलातल्या कॅम्पावरून सुट्टीवर आल्यापासून हवालदार टिकारामच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आजही तो ताटापुढे घास हातात धरून नुसताच बसला होता. शेजारी त्याचा मुलगा लोकेश मोबाईलवर पिस्तूल चालवण्यात रंगला होता.

"बाबा, गेममधी गोळी झाडली का रिकामी पुंगळी खाली पडते अन् गायब होते. खऱ्या पिस्तुलाची?"

"नाही होत. चकमक झाली तरी पालापाचोळ्यात गुडघे टेकून एकेक पुंगळी वेचा लागते, साहेबाले परत द्या लागते. एक जरी कमी पडली तं जबाब द्या."

लोकेश हसला. "इथं तं मेलेला माणूसबी गायब होते!"

टिकारामने हातातला घास ताटात परत ठेवला.



"हौ. तेवढं आमच्या इथंबी होते."