मसुरीचा पाम

शिंदी पिऊन लोक झिंगतात म्हणून केळझरच्या अच्युतराव वकिलांनी बावन्न साली आपल्या वावरातली शिंदीची झाडं मुळासकट उपटून काढली. "आता दिवाळीत पूजेले झाडू कायचा बांधू?" असं शरयूबाईंनी विचारलं, तर बायकोवरच डाफरले.

मग त्यांनी थेट मसुरीहून पामच्या बिया मागवल्या. बर्फातही न मरणारं झाड म्हणे! केळझरात बर्फ कुठून पडणार, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. कुंडीत कोंब फुटला, झाड अंगणात गेलं, चांगलं कमरेएवढं झालं. आल्यागेल्याला चहाआधी त्याचं दर्शन घ्यावं लागे.

पुढे एका वर्षी थंडी जरा लवकरच पडली. वकील कानाला मफलर गुंडाळून पाहुण्यांना सांगत होते, "पाहा, एक पान तरी मलूल हाय का? याले म्हणतात खानदान! आपली गावठी शिंदी असती तर कधीचीच मान टाकून बसली असती."



मसुरीच्या बिया उंदरांनी फस्त केल्यावर गुपचूप कुंडीत शिंदीच्या बिया खोचणाऱ्या शरयूबाई आतून ओरडल्या, "अहो, येताना त्याचीच चार पानं तोडून आणजा, दिवाळीचा झाडू बांधाचा हाय!"