तिसऱ्यांदा तडकलेली ग्रिप

"तिसऱ्यांदा!" दिगंबर आगाशे यांनी एअर पिस्तूल काउंटरवर आदळलं. "बाहेर पाटीवर 'खात्रीशीर दुरुस्ती' लिहिलंय. खात्री कशाची, तडकण्याची?"

रझियाने पिस्तूल उचललं. मंडईच्या मागच्या गल्लीतलं हे एअरगन दुरुस्तीचं दुकान तिचे वडील हुसेनभाई गेल्यापासून ती एकटीच चालवत होती. मुठीवरची प्लॅस्टिकची ग्रिप पुन्हा तडकली होती. महिन्यापूर्वीच तिने नवी बसवली होती.

आगाशे बँकेतून निवृत्त होऊन धायरीला राहायला गेले होते. दुकानात येताना पत्नीला बरोबर आणत. श्यामलाबाई दाराजवळच्या बाकावर अंग चोरून बसत. रझियाने त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता.

पहिल्या वेळी रझियाला वाटलं होतं, स्क्रू जास्त आवळला गेला असेल. दुसऱ्या वेळी तिने स्क्रूखाली रबरी वॉशर घातले आणि बजावलं, उन्हात ठेवू नका, थिनरने पुसू नका.

"ऊन नाही, थिनर नाही, हातातून पडलेलंही नाही," आगाशे म्हणाले. "रोज जेवणाआधी दहा छर्रे. बस."

"कुठे मारता?"

"घरातच. स्वयंपाकघराच्या चौकटीवर ठिपका काढलाय. ही वाढायला आत-बाहेर करत असते, त्यातूनच तो टिपायचा. नाहीतर कौशल्य ते काय?" ते हसले. "अजून एकदाही लागलेलं नाही हिला. विचारा हवं तर."

"अहो, चला ना," श्यामलाबाई म्हणाल्या.

"तू गप्प बस."

रझियाने दिव्याखाली ग्रिप धरली. चीर स्क्रूच्या भोकापासून निघालीच नव्हती. कडेला एक पांढरा खळगा होता, आणि त्यात दगडाची बारीक कच. तिने मान वर केली. श्यामलाबाई तिच्याकडेच बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"बोला की," आगाशे म्हणाले. "चूक कोणाची?"

नेमबाजीच्या क्लबातल्या सगळ्यांना ते आधीच सांगत सुटले होते, हे बाईमाणसाचं काम नव्हे. गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं होतं. खरं ते एक वाक्य बोललं की रझिया सुटणार होती.

"माझी," ती म्हणाली. "स्क्रू जास्त आवळला गेला."

"आलात एकदाच्या कबुलीवर! हुसेनभाईंचं नाव धुळीला मिळवलंत तुम्ही. नवी ग्रिप बसवा. आत्ता, माझ्यासमोर."

तेवढ्यात गल्लीत टेंपोचा हॉर्न कर्कश वाजू लागला. आगाशे यांची स्कूटर वाटेत आडवी लावलेली होती. "यांना गाडी चालवायला कोण देतं!" म्हणत ते भांडायला बाहेर गेले.

दुकानात दोघीच उरल्या.

"तुम्ही का घेतलंत अंगावर?" श्यामलाबाईंनी हळूच विचारलं.

"कशाने फोडता?"

"वरवंट्याने. दुपारी ते झोपले की." त्यांनी दाराबाहेर एक नजर टाकली. "तुमच्याकडून परत येईपर्यंत आठ-दहा दिवस निवांत वाढता येतं."

रझियाने पिस्तूल कामाच्या टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात घट्ट आवळलं. नळी तेवढी बाहेर राहिली. तिच्यावर तिने हातभर लांब लोखंडी पाइप चढवला.

"चुकीची जागा फोडत होतात, बाई," ती म्हणाली. "ग्रिप नवी मिळते. नळी वाकली, तर मग कोणाच्या बापाकडून दुरुस्त होत नाही."

तिने पाइपला हात घातला.

"सरका," श्यामलाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या होत्या. त्यांनी पदर खोचला, दोन्ही हातांनी पाइप धरला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. त्यांनी दात आवळले, पाय टेकवले, पुन्हा भार टाकला. नळी हळूहळू खाली झुकली.

आगाशे आत आले ते टेंपोवाल्याला शिव्या घालतच. व्हाइसकडे बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"हे काय? आत्ता सरळ होती ही! कोणी वाकवली?" ते रझियावर धावून गेले. "पोलिसांत देईन तुम्हाला! दुकानाला टाळं लावीन!"

"साहेब, माझ्याच हातून—" रझियाने सुरुवात केली.

"नाही," श्यामलाबाई मध्येच म्हणाल्या. पाइप अजून त्यांच्या हातात होता.

"मी वाकवली, दिगंबर."