कोरा नमुना

प्रयोगशाळेतल्या जांभळ्या दिव्याखाली डीएनएचा पट्टा पुन्हा उजळला, तेव्हा सरोजाला गाणंच म्हणावंसं वाटलं. आता म्हणा, सर, भेसळ.

भांडण तिच्या घरच्या चिंगी मांजरीच्या पिल्लावरून होतं. पेशीतल्या मायटोकाँड्रियांचा डीएनए पिल्लाला फक्त आईकडून मिळतो. या पिल्लात मात्र त्या डीएनएचा एक तुकडा असा निघाला, जो चिंगीत नव्हताच. सरोजाचं म्हणणं, कधीकाळी त्याची नक्कल पेशीच्या केंद्रकात जाऊन बसली आणि केंद्रकातला डीएनए बापाकडूनही येतो, तशी ती आली. तिचे मार्गदर्शक राघोत्तम सर म्हणत, दुसऱ्या मांजराचं रक्त मिसळलंय. तिने सगळी रसायनं बदलली, नव्याने रक्त काढलं. पट्टा जागचा हलला नाही.

"बाप आणून दाखव," सर म्हणाले. "नाहीतर प्रबंधातून हे प्रकरण काढ."

ते काढलं तर प्रबंधात उरत काय होतं? सरोजा पदर खोचून कामाला लागली. घराच्या, वेस्ट मांबलमच्या गल्लीतले झाडून सगळे बोके तिने धरले, हातभर ओरखडे घेतले, रक्त मिळवलं. प्रत्येक तपासणीत एक नमुना असा लागतो, ज्यात पट्टा उमटताच कामा नये, म्हणजे कोरा. तो सरांनी ऐटीत आपल्या रावजीचा दिला. रावजी दहीभात खाऊन अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये लोळणारा बोका. सर लग्नाकार्याला कुंभकोणमला गेले, तरी तो सरोजाच्या आईकडे, सकवारबाईंकडे, खोलीत बंद असायचा. त्यांच्या शब्दावर सरांचा डोळे मिटून विश्वास.

निकाल आला. गल्लीतले सगळे बोके कोरे. पट्टा उजळला तो एकट्या रावजीचा.

जो कोरा राहायचा तोच रंगला, म्हणजे भेसळ सिद्धच झाली, असं सर म्हणाले.  सरोजाला रडू कोसळलं.

संध्याकाळी सर स्वतः घरी आले. पोरगी हुशार आहे, पण हट्टी आहे, तुम्हीच समजवा, असं त्यांनी सकवारबाईंना परोपरीने सांगितलं. सकवारबाई शांतपणे काप्पी वरखाली ओतून फेस काढत होत्या.

"रावजी बाप निघाला तर पोरीचें खरें होतें का, सार?" त्यांनी विचारलं.

सर मोठ्याने हसले. "निघाला तर मी स्वतः साऱ्या प्रयोगशाळेत मैसूरपाक वाटीन, अम्मा."

सकवारबाईंनी पेला त्यांच्यापुढे ठेवला.

"मग साजूक तुपाचा आणा. तुम्ही कुंभकोणमास गेलां, तेव्हां रावजीनें ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. मला पाहवेना. दार उघडून मीच त्याला वर गच्चीत, मोट्टमाडीवर सोडलें, आमच्या चिंगीपाशी."