अडकणारं रिंगण

नागरवाड्यात गल्लीत रिंगण धरून खेळल्या जाणाऱ्या शेरी गरब्याचं शूटिंग उन्मेषनं नवरात्रात स्वतःच्या कॅमकॉर्डरवर केलं होतं. आता त्याची डीव्हीडी करताना तो पार मेटाकुटीला आला होता. दर फेरीला चित्र एकाच जागी झटका खाऊन अडकायचं. त्यानं फ्रेम रेट बदलला, केबल बदलली, शेवटी कॉम्प्युटर फॉरमॅट केला. डिस्कवर डिस्क वाया गेली.

“या मशीनच्या नानाची टांग!” तो बायकोसमोर करवादला. “बघ मैथिली, तू कॅमेऱ्यासमोर आलीस की अख्खं रिंगण अडकतं. शेवटची फेरी तेवढी नीट आलीये.”

“आवाज का बंद केलायस?”

“ढोलानं डोकं उठतं. तू चित्र बघ.”

मैथिलीनं आवाज मोठा केला. पडद्यावरची मैथिली कॅमेऱ्यासमोर क्षणभर थबकली, मागच्या बायका तिच्यावर आदळल्या, आणि ढोलाच्या वर तिची हाक ऐकू आली, “उन्मेष, ठेव तो कॅमेरा! ये ना खेळायला!” पुढच्या फेरीला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.

“मशीन ठीक आहे,” ती म्हणाली. “शेवटच्या फेरीला मी हाक मारली नाही.”