जीपचा मूळ रंग

ज्या जीपमधून मी नवरी होऊन सर्वणला आले, ती ह्यांनी वर्षभर अंगणात खपून अगदी होती तशी केली. अडलं फक्त रंगावर, कारण वरातीचा फोटो काळा-पांढरा.

"लाल होती. मला स्पष्ट आठवतं," मी म्हटलं.

"अगो, ह्या वयात तुका काय आठवता?" ह्यांच्या मते ती हिरवी. असं म्हणून हे देवळात गेले आणि देवाला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांपैकी उजवी पडली तर हिरवा, डावी पडली तर लाल. उजवी पडली.

दुसऱ्या दिवशी बॉनेट घासताना पाच थरांखाली, थेट पत्र्याला चिकटलेला लाल रंग निघाला. माझा जीव भांड्यात पडला. डोकं अजून शाबूत होतं. हे मात्र घाबरले. "आता देवाक खोटो कसो पाडूचो?" म्हणाले आणि दुपारपर्यंत सगळा लाल रंग खरवडून टाकला.

पणजी शहरातल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षकाने विचारलं, "मूळ रंग हाच, कशावरून?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांत इतक्या काकुळतीने कधी पाहिलं नव्हतं.

"हिरवीच होती," मी म्हटलं. "देवाशपथ."