फरशीची कसोटी

इंजिनियर तौनोने ऑक्टोबरात नगरभवनाच्या दारात स्वस्त फरशीचा पट्टा बसवून नगराध्यक्षांशी पैज लावली होती. "घसरू नये म्हणून बर्फावर टाकतात ती खडी बुटांना चिकटवून अख्खं गाव हिवाळाभर यावरून जाऊ दे. एक जरी ओरखडा पडला, तर नगरपालिकेच्या सगळ्या इमारतींना तुम्हाला हवी ती महागडी फरशी घाला!" एप्रिलात नगराध्यक्षा भिंग घेऊन पट्ट्यावर ओणव्या झाल्या. ओरखडा औषधालाही सापडेना. "कमाल आहे!" त्या म्हणाल्या. तौनोची छाती फुगली. तेवढ्यात सफाईवाल्या हिल्कामावशी फिस्सकन हसल्या. "अरे, ओरखडा येणार कुठून? पहिल्याच दिवशी नवीकोरी फरशी बघून तू घरच्यासारखे दाराबाहेर बूट काढलेस. इंजिनियरच काढतोय म्हटल्यावर बूट घालून यायची कुणाची बिशाद? सहा महिने अख्खं गाव मोज्यांवर येतंय!" नगराध्यक्षांनी खाली पाहिलं. त्यासुद्धा मोज्यांवरच होत्या. तौनोने घाईने पाय मागे लपवला. झिजलेल्या मोज्यातून त्याचा अंगठा डोकावत होता.